वायर धरणारी

कुलरमध्ये दोन बादल्या ओतून आले
आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं.
वर होमेशच्या अक्षरात: 'नाजूक. हात लावू नये.'
हात तर मीच लावत होते, सहा वर्षं.

गोळीबार चौकातल्या आमच्या दोन खोल्यांत
टीव्ही होता, गेम होता, रिमोटही दोन होते.
माझी जागा टीव्हीच्या मागे.
काळ्या वायरीचं टोक अंगठ्यानं दाबायचं,
किंचित डावीकडे वाकवायचं, धरून ठेवायचं.
सोडलं की पडद्यावर मुंग्या.
"हलू नको बे ताई, राक्षस येऊन राहिला!"
मी राक्षस पाहिला नाही कधी.
समोरच्या भिंतीवर त्याचा उजेड पाहिला,
लाल, मग निळा,
मग होमेशचं ओरडणं, आणि माझ्या अंगठ्याला मुंग्या.

बाकीचे इलाज अख्ख्या गल्लीला पाठ.
कॅसेट काढ, फुंक, लाव.
नाही आलं तर बनियननं पूस,
अर्धीच दाब, वर कंपास ठेव,
परात्यांचा दिनू तर उदबत्ती ओवाळायचा
आणि एकदा चित्र आलंही, त्याचं काय करता.

निनावे काकांनी आम्हाला फुंकताना पाहिलं.
वडील मागावर बसायचे, हे रेडिओ-टीव्हीच्या टपरीवर.
"थुकून राहिले का रे त्यात?
फुंकीत ओल असते. तांब्याले ओल लागली का हिरवं चढते."
माझं खोडरबर मागितलं,
सोनेरी दातांवरून एकाच दिशेनं फिरवलं,
जसं कोणी लहान पोराचं तोंड पुसावं.
"आडव्या पट्ट्या आल्या तर अडॅप्टर पाहा.
चित्र वर पळत असंन तर मागची खुंटी फिरवा.
रंगच नाही, तर कॅसेट दुसऱ्या मुलखाची.
मुंग्या असंन, तर वायर.
पहिले धागा कुठं तुटला थे शोधा,
अख्खा ताणा कोणी उसवत नाही."

मी वायरीचं बोलले नाही.
दोन रुपयांचं डाग होतं, मला ठाऊक होतं.
पण वायर नीट झाली असती
तर संध्याकाळी त्या खोलीत
मला कोणी हाक कशाला मारली असती?

आता खापरखेड्याच्या प्लांटात माझी विसावी वर्षं सरतात,
मीटर लावून दोष हुडकण्यात.
तरी आज हात थोडा कापला.
खाचेतल्या पिना दबून आत बसलेल्या,
आईच्या गोधडीच्या सुईनं एकेक वर उचलली,
साठातली एक मोडली. मोडू दे.
अडॅप्टर गुणगुणत होता, बदलला.
नव्या टीव्हीला ही वायर ओळखूच येईना,
म्हणून गड्डीगोदामच्या भंगारातून
तीनशेत चौदा इंची डबा आणला,
रिक्षावाला म्हणे, "मॅडम, हे चालते का अजून?"

शेवटी वायर.
वरचं रबर सोललं तर आत
एकच तार शाबूत, केसाएवढी.
तिच्यावर आमचं बालपण लटकलेलं नव्हतं,
उगाच कशाला मोठं करा.
लटकलेलं फक्त चित्र.
कापली, सोलली, डाग दिला,
राळेचा धूर नाकात गेला.

तीन नंबरवर लावलं.
मुंग्या, मुंग्या, मग निळं आकाश.
स्थिर.
मी टीव्हीच्या पुढे येऊन बसले, फरशीवर,
आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. तीनदा.

भिलाईला फोन लावला.
होमेशनं मागून येणारं संगीत ऐकलं, क्षणभर गप्प,
मग म्हणाला,
"अन् वायर कोणी धरली बे?"

एवढ्यात कुलर सुरू झाला
आणि पडद्यावरून एक पांढरी रेघ सरकत गेली.
बहुतेक अर्थिंग. उद्या पाहीन.
आत्ता चौथ्यांदा उडी मारते आहे.